आधी सेनापती की आधी फौज? पुण्याच्या संघांची पंधरा वर्षं

विषय खेळाचा असला तरी आज आपण स्कोअर मोजायला बसलेलो नाही. निवडीचा इतिहास बघायचा आहे. तुमच्याकडे नवा संघ आहे, पहिलं बोट ठेवायचा हक्क तुमचा आहे, आणि समोर पन्नास खेळाडू उभे आहेत. बोट कोणावर ठेवाल? जो सगळा संघ चालवतो त्याच्यावर, की आधी बाकीची माणसं जमवाल आणि सेनापती नंतर बघाल?

पुण्याच्या नावाने खेळणाऱ्या संघांवर हा प्रसंग गेल्या पंधरा वर्षांत अनेकदा आला. त्यातला सगळ्यात स्वच्छ, प्रयोगशाळेतल्यासारखा प्रसंग १५ डिसेंबर २०१५ चा. तिथूनच सुरुवात करू.

पार्श्वभूमी तुम्हाला आठवत असेल. सट्टेबाजीच्या प्रकरणात न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन आयपीएल संघांना दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. स्पर्धा आठ संघांचीच ठेवायची होती, म्हणून दोन तात्पुरते संघ हवे होते. त्यासाठी बोली लागली ती उलटी. बोर्डाच्या मध्यवर्ती उत्पन्नातला वाटा कमीत कमी कोण मागतो, त्याला संघ. संजीव गोएंका यांच्या कंपनीने वाटा तर सोडलाच, वर वर्षाला १६ कोटी बोर्डाला द्यायची तयारी दाखवली. राजकोटसाठी इंटेक्सने १० कोटी दाखवले. पुण्याने जास्त सोडलं, म्हणून पहिली निवड पुण्याची.

आणि निवड म्हणजे लिलाव नव्हे, हे इथे नीट समजून घेतलं पाहिजे. लिलावात ज्याच्या खिशात पैसा तो हात वर करतो, आणि किंमत समोरचा चढवतो. इथे किंमत आधीच ठरलेली होती. पहिल्या खेळाडूला साडेबारा कोटी, दुसऱ्याला साडेनऊ, मग साडेसात, साडेपाच आणि चार. चेन्नई-राजस्थानच्या पन्नास खेळाडूंतून एक नाव पुण्याने घ्यायचं, एक राजकोटने, असं आळीपाळीने पाच-पाच. मुलं गल्लीत संघ पाडतात ना, 'एक तुझा, एक माझा', अगदी तसंच. फक्त इथे पोरांऐवजी कोट-टाय.

पुण्याने पहिलं नाव घेतलं महेंद्रसिंग धोनी. राजकोटने सुरेश रैना. मग पुण्याचे अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि फाफ डू प्लेसी. राजकोटचे रवींद्र जडेजा, ब्रेंडन मॅकलम, जेम्स फॉकनर, ड्वेन ब्राव्हो. पाच माणसांत पुण्याचे ३९ कोटी गेले. एकूण मर्यादा ६६ कोटींची. म्हणजे उरलेला सगळा संघ २७ कोटींत.

ही 'ड्राफ्ट' नावाची पद्धत मुळात अमेरिकेची. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये नव्हे, त्या हेल्मेटवाल्या, हातात चेंडू घेऊन पळायच्या खेळात, फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी ती सुचवली आणि १९३६ साली पहिल्यांदा झाली. कल्पना साधी होती. गेल्या वर्षी जो सगळ्यात खाली, त्याने कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या पोरांतून पहिला उचलायचा. या खेळात क्वार्टरबॅक नावाची जागा असते. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू कोणाकडे फेकायचा, पळणाऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः धरून ठेवायचा, हे तो तीन-चार सेकंदांत ठरवतो. त्यामुळे तिकडे ९० वर्षं एकच वाद चालू आहे. पहिली निवड क्वार्टरबॅकवर खर्चावी का?

दोन्ही बाजूंना दाखले भरपूर. १९९८ मध्ये इंडियानापोलिसने पहिल्या क्रमांकावर पेटन मॅनिंग घेतला. पहिल्या मोसमात १६ पैकी १३ सामने हरले, पण पुढे दशकभर संघ त्याच्याभोवती उभा राहिला. त्याच ड्राफ्टमध्ये सॅन दिएगोने फक्त एक जागा वर सरकण्यासाठी आपल्या पुढच्या निवडी आणि खेळाडू देऊन टाकले आणि रायन लीफ घेतला. तो काही वर्षांत खेळातूनच बाहेर गेला. आणि २००० साली टॉम ब्रेडी नावाचा मुलगा १९९ वा निवडला गेला, त्याने सात अजिंक्यपदं मिळवली. तेव्हा दाखल्यांनी हा वाद सुटत नाही. तो सोडवायला आधी एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो मला पुण्याच्या इतिहासात सापडतो: तुमच्याकडे किती वर्षं आहेत?

२०१५ च्या पुणे संघाला आपल्या मरणाची तारीख जन्मालाच माहीत होती. दोन मोसम, बस्स. असा मालक नवी पोरं घडवत बसणार नाही. आंबा पिकायला ठेवायला वेळच नाही, तयार आंबाच घ्यावा लागणार. त्या अर्थाने धोनीला पहिलं घेणं मला चूक वाटत नाही. टीका पुष्कळ झाली, पण ती बहुतेक निकाल बघून केलेली टीका आहे.

मग चुकलं काय? क्रिकेटचा कर्णधार हा क्वार्टरबॅक नसतो, इथे गफलत झाली. वीस षटकांच्या डावात चेंडू १२०. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाच्या वाट्याला त्यातले पंधरा-वीस येतात. डोकं त्याचं असेल, पण चेंडू दुसऱ्याच्या हातात असतो. अमेरिकेतला क्वार्टरबॅक आपली चाल स्वतः चालवतो. आपला कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो आणि बाकी गोलंदाजावर सोडतो. २०१६ मध्ये पुण्याकडे ते बाकीचे हात कमी पडले. लिलावात मिचेल मार्शला ४ कोटी ८० लाख आणि फारसं नाव नसलेल्या मुरुगन अश्विनला साडेचार कोटी दिले. मग केव्हिन पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मार्श असे चौघे परदेशी मोसमाच्या मधेच जायबंदी होऊन परत गेले. त्यात दुष्काळ. मराठवाड्यात पिण्याला पाणी नाही आणि मैदानावर फवारे, यावर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. पुण्याचं घरचं मैदान झालं विशाखापट्टणम! गहुंज्याला जाण्याची सवय लागायच्या आत संघ आंध्रात गेला.

१४ पैकी ५ विजय, सातवा क्रमांक. शेवटच्या साखळी सामन्यात पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ धावा हव्या होत्या. धोनीने त्या अक्षर पटेलला मारून काढल्या, शेवटच्या दोन चेंडूंवर दोन षटकार. साडेबारा कोटी कशाचे होते ते त्या षटकात दिसलं. पण तोवर स्पर्धा हातातून गेलेली होती. ज्याला शेवटच्या षटकासाठी घेतलं, त्याच्यापर्यंत सामना जिवंत पोचवणारं कोणी लागतं.

राजकोटचा संघ त्या वर्षी साखळीत पहिला आला. मग काय, रैना शहाणी निवड आणि धोनी खुळी, असं म्हणायचं? पुढच्याच वर्षी राजकोट सातवा आणि पुणे दुसरा. एका मोसमावरून निवडीचं शहाणपण ठरवणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

२०१७ चा पुणे संघ हा इतिहासकाराच्या दृष्टीने मोठा गमतीचा ऐवज आहे. फेब्रुवारीत धोनीचं कर्णधारपद काढून स्मिथला दिलं. ड्राफ्टमध्ये पहिला घेतलेला बाजूला, चौथा घेतलेला गादीवर. दुसऱ्या दिवशी लिलावात बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले, तोवर कुठल्याही परदेशी खेळाडूला न मिळालेली रक्कम. म्हणजे मालकाने पुन्हा तेच केलं, आधी मोठा माणूस. स्टोक्स खेळलाही झकास. गुजरातविरुद्ध गहुंज्याला त्याने नाबाद १०३ धावा केल्या.

पण संघ अंतिम फेरीत कोणी नेला ते बघा. जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले, किंमत ३० लाख. राहुल त्रिपाठी, आपला महाराष्ट्राचा पोरगा, ३९१ धावा, किंमत १० लाख. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर त्याने एकट्याने ९३ केल्या त्या कोणी विसरलं नसेल. इम्रान ताहिरला लिलावात कोणी घेतलंच नव्हतं, मार्शच्या जागी आला आणि १८ बळी घेऊन गेला. वॉशिंग्टन सुंदरही बदली म्हणूनच आला होता. मुंबईविरुद्ध वानखेडेवरच्या पात्रता सामन्यात त्याने १६ धावांत तिघांना घालवलं. आणि स्टोक्स? इंग्लंडच्या कामगिरीसाठी बाद फेरीआधीच परत गेलेला. साडेचौदा कोटींचा माणूस अंतिम सामन्याला नव्हताच.

तो सामना २१ मे २०१७ चा, हैदराबादचा. मुंबई १२९, पुणे १२८. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. त्याबद्दल जास्त बोलत नाही, सभागृहात काही चेहरे अजून उतरतात. एका धावेने हरल्यावर संघ बरखास्त झाला. हरला म्हणून नव्हे, मुदत संपली म्हणून.

याच्या आधीचा पुण्याचा संघ, सहाराचा, त्याची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. मार्च २०१० मध्ये सहाराने पुण्याच्या संघासाठी ३७ कोटी डॉलर मोजले. म्हणजे सुमारे १७०० कोटी रुपये. यांना मुदत नव्हती, वर्षंच वर्षं होती. घडवायला वेळ होता. पण २०११ च्या लिलावात रॉबिन उथप्पाला २१ लाख डॉलर आणि युवराज सिंगला १८ लाख डॉलर देऊन त्यांनी घाईच्या माणसासारखी खरेदी केली. युवराज कर्णधार झाला, विश्वचषकही जिंकून आला. मग २०१२ चा मोसम कर्करोगाच्या उपचारांत गेला. त्याच्या जागी सौरव गांगुली. २०१३ मध्ये एकाच मोसमात अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर, आरोन फिंच असे कर्णधार झाले. तिन्ही वर्षी विजय चार-चार! एवढं सातत्य दुसऱ्या कुठल्या गोष्टीत नव्हतं. एका माणसाभोवती संघ बांधला आणि तो माणूस आजारी पडला, यात युवराजचा काय दोष? दोष बांधणीचा. खांब एकच असेल तर घर पडायला एकच कारण पुरतं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं पैशाचं नवं खूळ आहे, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी असंच होतं, फक्त लिलाव नव्हता, नोकरी होती. १९३० आणि ४० च्या दशकांत संस्थानिक हेच करत. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळत. प्रा. दि. ब. देवधर कर्णधार, संस्कृतचे शिक्षक, वयाने पन्नाशीकडे झुकलेले. या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या मोसमात हजाऱ्यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. लवकरच बडोद्याने काय केलं? ज्याने आपल्याला झोडपलं त्यालाच बोलावून घेतलं. १९४२-४३ मध्ये बडोदा रणजी विजेता झाला. इंदूरला होळकरांनी सी. के. नायडूंना घेऊन तेच केलं आणि चार करंडक मिळवले. महाराष्ट्राने मात्र १९४०-४१ नंतर आजतागायत रणजी जिंकलेला नाही. हे सगळं हजारे गेले म्हणून झालं, असा बालिश निष्कर्ष मी काढणार नाही. पण संस्थानाच्या खरेदीत आणि सहाराच्या खरेदीत फरक आहे तो बघा. राजाने माणूस एका मोसमासाठी घेतला नव्हता. त्याला नोकरी दिली, घर दिलं, तो तिथला झाला. हजारे पुढे आयुष्यभर 'बडोद्याचे' म्हणूनच ओळखले गेले. मोठा माणूस आणायचा तर त्याला मुरायला वेळ द्यायचा, हे राजवाड्यांना कळत होतं.

पुण्यात ते कोणाला कळलं? मला विचाराल तर कबड्डीवाल्यांना.

पुणेरी पलटण २०१४ पासून प्रो कबड्डीत आहे. पहिल्या दोन मोसमांत तळाला. मग मधे बरे दिवस, पुन्हा घसरण. २०१८ च्या लिलावात सगळ्यांनाच कोटींचं वेड लागलं, तेव्हा पलटणनेही नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख मोजले. बाद फेरीसुद्धा मिळाली नाही. २०२१ मध्ये ४० लाखांत राहुल चौधरीला आणलं, नाव फार मोठं. पण मोसम सुरू झाल्यावर त्या नावाच्या सावलीतून दोन पोरं बाहेर आली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. दोघांनी संघ बाद फेरीत नेला. तिथून व्यवस्थापनाने धोरण बदललेलं दिसतं. ही पोरं सोडायची नाहीत. पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यासारखी आणखी पोरं त्यांच्याबरोबर उभी राहिली.

आणि मोठा माणूस? तोही आणला, पण नंतर. २०२२ मध्ये इराणचा बचावपटू फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना. त्या वर्षी अंतिम फेरी गाठली. अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर, आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हार. इथे नेहमीचा मालक काय करतो? आणखी एक मोठा चढाईपटू विकत घेतो. पलटणने फझललाच सोडलं, पोरं ठेवली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात दुसरा, तरुण इराणी बचावपटू मोहम्मदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना उचलला. चढाई घरच्या पोरांची, कोपरा परदेशी. कर्णधारही अस्लमच, महागडा पाहुणा नव्हे. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ ने पलटण पहिल्यांदा विजेती झाली. त्या सामन्यात नऊ गुण पंकज मोहितेचे होते. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम, प्रशिक्षक बी. सी. रमेश.

शेजारच्यांचे आकडेही डोळ्यांसमोर ठेवा. पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि तो पहिल्याच सामन्यात जखमी झाला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक दिले. माणूस अव्वलच, त्यात शंका नाही. पण ज्या लिलावात पलटणने शादलुई घेतला त्याच लिलावातून पवनला घेऊन टायटन्स त्या मोसमात तळाला राहिले. दोन्हीकडे रक्कम जवळपास सारखी. एकाने तयार भिंतीवर कळस ठेवला, दुसऱ्याने कळस आधी आणून ठेवला.

मात्र पलटणचा मार्ग म्हणजे सिद्ध झालेलं प्रमेय आहे, असं समजून घरी जाऊ नका. पुढच्याच लिलावात, ऑगस्ट २०२४ मध्ये, शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. त्यानंतर मोसमाच्या मधे अस्लमचा गुडघा गेला आणि गतविजेती पलटण आठव्या स्थानावर घसरली. बाद फेरी नाही. त्या मोसमाचे शेवटचे सामने आपल्या बालेवाडीतच होते. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत अंतिम सामना झाला, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ ने हरवलं आणि चषक उचलणाऱ्यांत शादलुई होता. पुणेकरांनी आपलाच जुना माणूस आपल्याच गावात दुसऱ्याच्या जर्सीत जिंकताना पाहिला. हजाऱ्यांना बडोद्याच्या टोपीत बघणाऱ्या १९४० च्या पुणेकरांना काय वाटलं असेल, त्याची थोडी कल्पना येते.

मग शादलुईला कितीही देऊन ठेवायला हवं होतं का? मला नाही वाटत. ठेवला असता तर तीन-चार पोरांवर पाणी सोडावं लागलं असतं. २०२५ च्या मोसमात तो गुजरातकडे गेला, २ कोटी २३ लाखांना. पलटण त्याच्याशिवाय पुन्हा अंतिम फेरीत पोचली आणि ३१ ऑक्टोबरला दबंग दिल्लीकडून ३१-२८ ने हरली. चार मोसमांत तीन अंतिम सामने, एक चषक. त्या तीन गुणांसाठी एक शादलुई हवा होता, असं म्हणणारे आज या सभागृहातही असतील, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येणार नाही. वेळ झालेली दिसते, त्यामुळे तो वाद आता प्रश्नोत्तरांतच घालू या.